अपग्रेडनंतर डिस्क सापडत नाही? फॉरमॅटच्या आधी या चुका टाळा

गेल्या महिन्यात इंदूरच्या रामबागेतून एका काकांचा फोन आला, "अरे, डिस्क गेली. पंचवीस वर्षांचे फोटो होते त्यात." पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं लिहिलं होतं, आणि दुकानदार फॉरमॅट करू म्हणत होता. मी म्हटलं, काका, हात लावू देऊ नका.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून काकांनी विंडोज ११ घेतलं होतं. अपग्रेड नीट झालं, पण पीसी मधूनमधून अडकायला लागला. भाच्याने उपाय म्हणून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, 'लोड डिफॉल्ट्स' दाबलं, म्हणजे सगळी सेटिंग मूळ स्थितीत नेली. चूक झाली ती इथे. साटा मोड, म्हणजे पीसी डिस्कशी कसा बोलतो ते ठरवणारं सेटिंग, एएचसीआयवरून (साधी पद्धत) रेडवर (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) गेला. विंडोज सुरू होताना नेहमीच्याच कंट्रोलरचा (डिस्क हाताळणाऱ्या चिपचा) ड्रायव्हर उचलते. मोड बदलला की डिस्क ठणठणीत असूनही विंडोजला सापडत नाही. मोड पूर्ववत केला, पीसी सुरू झाला, फोटो जागच्या जागी.

म्हणून बायोस उघडण्याआधी साटा मोडचा मोबाइलवर फोटो काढा. मोड बदलायचाच असेल तर आधी एमएसकॉन्फिग या विंडोजच्या टूलमध्ये बूट टॅबवर 'सेफ बूट' लावा, मग बायोसमध्ये बदल करा, एकदा सेफ मोडमध्ये चालू करा आणि ती खूण काढा. दोन डिस्क खरोखर रेडमध्ये जोडलेल्या असतील, तर मात्र मोडला हात लावू नका. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. बायोसमधलं सेटिंग बदललं की बिटलॉकर ती की मागू शकतो.

नवं विंडोज कोरं टाकताना डिस्कच दिसली नाही, तर ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल मशीनवर व्हीएमडीचा (इंटेलच्या डिस्क कंट्रोलरचा) ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. डिस्क बदलायला धावू नका.

राहिलं ते अडकणं. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत १२९ क्रमांकाची नोंद वारंवार दिसत होती, म्हणजे कंट्रोलरला डिस्ककडून उत्तर येत नव्हतं. स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतला) १९९ क्रमांकाचा सीआरसी आकडाही, म्हणजे डेटा ये-जा करताना झालेल्या चुकांचा आकडा, वाढत होता. हा आकडा बहुतेकदा केबलकडे बोट दाखवतो. अशा वेळी चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका दुरुस्त करणारं विंडोजचं टूल) चालवू नका, आधी फायलींची प्रत काढा. आम्ही प्रत काढली, मग जेल रोडवरून नवी साटा केबल आणली. त्यानंतर आकडा थांबला.