वळवाच्या वादळाचा अंदाज कसा वाचावा

मार्च ते मे या काळात हवामान खात्याच्या पत्रकात एक वाक्य वारंवार येते: ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह विजांचा कडकडाट, हलका ते मध्यम पाऊस आणि ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा वाहण्याची शक्यता.’ ते वाचून तालुकाभर ताडपत्र्यांची धावपळ होते आणि आपल्या गावात थेंबही पडला नाही की अंदाज चुकला असे म्हटले जाते. वास्तविक ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांना ठरलेले माप आहे. विभागातील पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तेव्हा हे शब्द वापरतात. ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50 टक्के आणि ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे 51 ते 75 टक्के. म्हणजे तुरळक पावसाचा अंदाज तंतोतंत खरा ठरला, तरी बहुतेक गावे कोरडीच राहणार. मोबाइलवर दिसणारा ‘40 टक्के’ हा आकडा वेगळा. अशीच परिस्थिती असलेल्या दहा दिवसांपैकी साधारण चार दिवशी त्या जागी पाऊस होतो, एवढेच तो सांगतो. पाऊस किती जोराचा असेल किंवा किती वेळ टिकेल, हे त्यातून कळत नाही.

ही शक्यता ठरते ती तीन गोष्टी एकाच वेळी जुळून येण्यावर: जमिनीलगत पुरेसे बाष्प, वरच्या थरात थंड हवा आणि खालची हवा वर ढकलणारे एखादे निमित्त. यांपैकी बाष्प घरबसल्या तपासता येते, मात्र त्यासाठी सापेक्ष आर्द्रतेऐवजी दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान, पाहावा. 40 अंशांच्या दुपारी दवबिंदू 20 अंश असला तरी आर्द्रता जेमतेम 32 टक्के दिसते आणि हवा कोरडी असल्याचा समज होतो, पण एवढे बाष्प जोरदार वळवाला पुरते. त्याच तापमानाला दवबिंदू 8 अंश असेल, तर ढगांचे तळ खूप उंचावर राहतात, सरी वाटेतच सुकतात, आणि त्यामुळे गार व जड झालेली हवा वेगाने खाली कोसळते. अशा दिवशी पाऊस नावापुरता येतो, पण पत्रे उडतात. केवळ ‘पाऊस नाही’ एवढे वाचून निर्धास्त होऊ नये, ते यासाठी.

निमित्त पुरवतो तो बहुधा विदर्भापासून कर्नाटक किंवा केरळापर्यंत पसरणारा हवेच्या कमी दाबाचा पट्टा. त्याच्या आसपास बंगालच्या उपसागरावरून आलेले दमट वारे आणि वायव्येकडचे कोरडे वारे एकमेकांना भिडतात. पत्रकात या पट्ट्याचा उल्लेख आला की तो आपल्या जिल्ह्याच्या कोणत्या बाजूने जातो, हे जरूर पाहावे. तरीही काही वेळा एक-दीड किलोमीटर उंचीवर उष्ण, कोरड्या हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. तो फुटला नाही तर दिवसभर नुसते उकडते आणि ढग वाढत नाहीत. तो दुपारी उशिरा फुटला, तर साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते. नकाशांवर ‘केप’ नावाने दिसणारा आकडा हीच साठलेली ऊर्जा दाखवतो. तो मोठा दिसला म्हणजे वादळ होणारच, असे मात्र धरू नये.

वादळ किती उग्र होईल, हे उंचीनुसार वारा किती बदलतो यावर बरेच अवलंबून असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरच्या थरात पश्चिमेचे जोरदार वारे असतात आणि गोठणबिंदूची पातळीही (जिथे हवेचे तापमान शून्य अंशावर येते ती उंची) मे महिन्यापेक्षा खाली असते, म्हणून गारपिटीचा धोका तेव्हा अधिक. 2014 च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राने त्याचा फटका सोसला. द्राक्षे वेलीवर, हळद वाळवणीला आणि बेदाणा शेडमध्ये असताना मार्चमधला नारिंगी इशारा मे महिन्यातल्या इशाऱ्यापेक्षा अधिक गांभीर्याने घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. रंगांचा अर्थ साधा आहे: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा.

सकाळचे पत्रक दिवसाची दिशा सांगते, पण नेमके कोणते गाव सापडेल हे सांगणे सकाळी कोणालाच शक्य नसते. त्यामुळे दुपारी दोननंतर पुढील तीन तासांचा तत्काळ अंदाज आणि जवळच्या रडारचे चित्र पाहत राहावे. एका चित्रावर थांबू नये. लागोपाठची तीन-चार चित्रे पाहून ढग कोणीकडे सरकतो आणि वाढतो की विरतो, हे ठरवावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप आपल्यापासून 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात वीज पडत असल्यास कळवते. 20 किलोमीटरच्या आत वीज दिसली की रानातले काम थांबवून पक्क्या घरात जावे, झाडाचा आडोसा घेऊ नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत बाहेर पडू नये.