नवीन कबुतर आणलंय? उडवायची घाई नको

मोठी जोडी आणली असेल तर तीन-चार आठवडे ढाबळीतच ठेवा पण जाळीतून आजूबाजूची घरं, आभाळ दिसलं पाहिजे, नाहीतर सुटलं की सरळ जुन्या मालकाकडं (आमचं एक चोपड्याहून आणलेलं, दुसऱ्याच दिवशी तिकडं हजर, पैसे गेले ते वेगळेच). पहिल्यांदा सोडताना संध्याकाळच्या दाण्याआधी सोडा, भुकेनं खाली येतं. दाणा म्हणजे दादर (ज्वारी), बाजरी, मका, थोडा हरभरा, आणि ग्रिट (बारीक खडे) हवंच, दात नाहीत ना बिचाऱ्याला, सगळं पोटातच दळायचं. आपल्या जळगावकडं मे महिन्यात पारा 45 च्या घरात, तेव्हा पाण्याचं मातीचं भांडं जरा खोल ठेवा, कबुतर चोच बुडवून पाणी ओढतं. विष्ठा झाडताना तोंडाला रुमाल, आधी पाणी शिंपडून.