‘नोस्फेराटू’ घरी बघताना या चुका टाळा

‘बघितला, पण भीती कुठे वाटते?’ जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊच्या १९२२ सालच्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटाबद्दल हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. आता मी उलट एवढंच विचारतो, की प्रत कुठली बघितली? बहुतेकांना प्रतीत फरक असतो हेच ठाऊक नसतं. नेटवर जी पहिली सापडली ती लावली, झालं.

सगळ्यात मोठी चूक हीच. हा सिनेमा ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’वरून परवानगी न घेता काढलेला. स्टोकरच्या पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेल्या आणि १९२५ मध्ये प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. ज्या वाचल्या त्यांच्या नकलांच्या नकला निघत गेल्या, वाटेत कापाकापी झाली, काहींत तर यातल्या रक्तपिपासू भुताचं, काउंट ऑर्लोकचं, नावच ड्रॅक्युला करून टाकलं. आणि मुख्य म्हणजे रंग गेले. हो, रंग. मूकपट म्हणजे काळा-पांढरा हा समज डोक्यातून काढा. त्या काळी फिल्म रंगात बुडवून काढत. या सिनेमात रात्र निळी आहे, दिवस आणि घरातला उजेड पिवळसर, पहाट गुलाबी. रात्रीचे बाहेरचे प्रसंग भर उन्हात चित्रित केलेत. निळा रंग चढला की त्या उन्हाची रात्र होते.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका उत्साही मुलाने प्रोजेक्टर लावून हा सिनेमा दाखवला. प्रत बिनरंगाची. ऑर्लोक बगलेत शवपेटी घेऊन गावातून नव्या घराकडे निघतो तो प्रसंग आला. भिंतींवर लख्ख ऊन आणि त्यातून हा चाललाय, जणू दुपारी बाजाराला निघालाय. लोक खो खो हसले. शेवटी तोच ऑर्लोक सूर्यकिरण पडताच विरून जातो. मागच्या रांगेतल्या काकू म्हणाल्या, ‘अरे, मघाशी तर उन्हातच हिंडत होता ना!’ काकूंचं काहीच चुकलं नव्हतं. ऑर्लोकला ऊन सोसत नाही, या ज्या एका गोष्टीवर सगळी कथा उभी आहे, तीच त्या प्रतीत पुसली गेली होती. पुढे त्यातल्याच काही जणांना घरी बोलावून रंगीत प्रत दाखवली. त्याच प्रसंगाला कोणी हसलं नाही.

म्हणून माझी सवय सांगतो. कुठलीही प्रत हाती आली की आधी तो शवपेटीचा प्रसंग काढून बघायचा. निळा असेल तर बसायचं, पांढरा फटक असेल तर बंद. जर्मनीतल्या मुर्नाऊ प्रतिष्ठानाने फ्रान्समध्ये टिकलेली रंगीत प्रत आधाराला घेऊन २००५-०६ मध्ये जी दुरुस्त आवृत्ती केली, तिची डिस्क मिळवा. साधारण ९४ मिनिटांची आहे. तासाभरात संपणारी प्रत मिळाली तर तिच्या नादी लागू नका.

दुसरी चूक वेगाची. दुरुस्त आवृत्ती सेकंदाला १८ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) हिशेबाने धावते. तीच फिल्म २४ ने पळवली की ९४ मिनिटांची ७० होतात आणि माणसं तुरुतुरु पळायला लागतात. काही जण तर मुद्दाम दीडपट वेगाने बघतात, ‘संवाद नाहीतच ना’ म्हणून. मला याचा मनापासून राग येतो. ऑर्लोकच्या वाड्याकडे निघालेल्या हटरला, म्हणजे कथेच्या नायकाला, जंगलात न्यायला येणारी बग्गी मुर्नाऊने मुद्दाम अमानवी वेगाने पळवली आहे. गाडीवर शवपेट्या रचणारा ऑर्लोकही तसाच झपाझप हलतो. बाकीचं जग माणसाच्या चालीने चालत असेल तरच ती गती अंगावर येते. सगळंच पळवलंत तर भूत आणि माणूस यांत फरक काय राहिला?

टीव्हीच्या सेटिंगबद्दलही सांगतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणारच, चित्र मुळातच जवळपास चौरस आहे. ‘झूम’ केलंत तर चित्राची पाव उंची कापली जाते. ‘स्ट्रेच’ केलंत तर मॅक्स श्रेक या नटाने साकारलेला काटकुळा ऑर्लोक गुबगुबीत होतो. हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय टीव्हीत असते तीही बंद करा, आणि ‘व्हिव्हिड’ सोडून ‘सिनेमा’ मोड लावा.

संगीत बंद करून स्वतःची गाणी लावू नका. हान्स एर्डमानने या सिनेमासाठी लिहिलेलं संगीत बरंचसं हरवलं, उरलेल्यावरून बेर्न्ट हेलरने ते पुन्हा उभं केलं. पहिल्यांदा तेच ऐका, प्रयोग नंतर.

परदेशातून डिस्क मागवताना रीजन बघा, म्हणजे ती कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते ते. आपल्याकडचे ब्लू-रे प्लेअर सी रीजनचे, अमेरिकन डिस्क बहुधा ए, ब्रिटिश बहुधा बी. सगळे रीजन चालवणारा प्लेअर नसेल तर पैसे पाण्यात.

मोबाइलवर बघू नका. दिवे घालवा.

आणि ‘भीतीचे सीन कुठल्या मिनिटाला आहेत?’ असं विचारू नका. प्राध्यापक बुल्वर विद्यार्थ्यांना किडे खाणारी वनस्पती दाखवतो, ते दृश्य नवखे हमखास पुढे ढकलतात. लगेच पुढे ऑर्लोकच्या कह्यात गेलेला क्नॉक कोठडीत माश्या पकडून खातो. पहिलं वगळलं की निसर्गातल्या शिकारीशी असलेलं नातं तुटतं आणि दुसऱ्यात उरतो फक्त एक वेडा.