संकल्प अंगवळणी पाडायचा तर

‘यंदा वजन कमी करायचं’, ‘रोज वाचायचं’, ‘पैसे साठवायचे’. या संकल्पांत काय, कुठे आणि कशानंतर हे लिहिलेलंच नसतं, आणि ते बहुतेक तिथेच मोडतात. इच्छाशक्तीला उगाच बोल लावला जातो. त्यापेक्षा घरातल्या मोठ्या बायका चातुर्मासात जे नेम धरतात ते पाहा. कांदा-लसूण वर्ज्य, किंवा रोज पोथीचा एक अध्याय, आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत. एकच गोष्ट, पाळली की मोडली हे लगेच कळणारी, आणि मुदत ठरलेली. देवाधर्माचा भाग सोडला तरी ही मांडणी जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे.

एका कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे ध्येय लिहा, आकडा आणि महिन्यासकट: ‘पुढच्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये २१ किलोमीटर’. ध्येय मोठं असायला हरकत नाही. उजवीकडे रोजची कृती लिहा, ती मात्र हास्यास्पद वाटेल इतकी लहान हवी: ‘बूट घालून खाली उतरायचं, दहा मिनिटं चालायचं’. शिवाजी पार्कची एक फेरी साधारण सव्वा किलोमीटरची आहे. तेवढीही सुरुवातीला पुष्कळ. माप ठरवताना आपला सर्वांत वाईट दिवस डोळ्यांसमोर आणा. गाड्या पाऊण तास उशिरा, घरी पोचायला साडेनऊ, स्वयंपाक बाकी. त्या दिवशीही जमेल तेवढंच माप लिहायचं. उत्साहाच्या दिवशी जास्त करा, पण कागदावरचा आकडा वाढवू नका.

आता खरं काम, म्हणजे खुंटी शोधणं: जिच्यावर नवी कृती टांगता येईल अशी रोजची एखादी गोष्ट. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९०च्या दशकात मांडलेली ‘जर-तर’ योजना हीच: अमुक झालं की तमुक करायचं. मुंबईत घड्याळाची वेळ ही कच्ची खुंटी. ८.१२ची फास्ट लोकल चुकली की पुढचं सगळं वेळापत्रक कोसळतं. ‘गाडीत बसायला मिळालं की वाचेन’ हे त्याहून कच्चं, कारण जागा आपल्या हातात नाही. पक्क्या खुंटीच्या अटी चार: ती रोज घडते, तिचा शेवट स्पष्ट असतो, जागा ठरलेली असते, आणि ती संपल्यावर आपले हात मोकळे असतात. सकाळचं पाणी भरून झालं की प्राणायाम. रात्री डबा धुऊन पालथा घातला की दोन पानं. ऑफिसात डबा उघडण्याआधी एक पेला पाणी. वाक्य याच साच्यात लिहा आणि जिथे ती गोष्ट घडते तिथेच चिकटवा. डब्याची खुंटी असेल तर बेसिनजवळ.

शनिवार-रविवार सगळ्यांना फसवतात. डबा नाही, स्टेशन नाही, मेगाब्लॉक म्हणून बाहेर पडणंही नाही, म्हणजे खुंटीच गायब. सुट्टीसाठी वेगळी खुंटी लिहा (दुपारचं ताट उचललं की), नाहीतर नेम फक्त कामाच्या दिवसांचा आहे असं आधीच जाहीर करा. घरून काम करणाऱ्यांनाही हेच लागू.

सवय बसायला किती दिवस लागतात? २१ दिवसांची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, तिच्यावर फार विसंबू नका. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे पाहिलं. कृती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं, आणि माणसामाणसांतला अंदाजित फरक १८ ते २५४ दिवसांचा. पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर बसते, व्यायाम उशिरा. १ जानेवारीला सुरुवात केली तर ६६वा दिवस ७ मार्चला येतो, २५४वा ११ सप्टेंबरला. मुंबईत पाऊस पोचण्याची सरासरी तारीख ११ जून. म्हणजे चालण्याची सवय अनेकांची पक्की होण्याआधीच पावसात सापडणार. ‘पाऊस असेल तर इमारतीचे जिने, तीनदा’ हे वाक्य मे महिन्यातच कागदावर हवं. गणपतीला गावी जाणाऱ्यांनी तिथलंही माप आधी ठरवावं. आरतीनंतर पाच मिनिटं, बस्स.

हिशोब भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवा. दूधवाल्याचे खाडे जसे तारखेच्या चौकटीत लिहितो, तसाच आपला खाडा लिहायचा, आणि शेजारी कारण एका शब्दात: ‘पाहुणे’, ‘उशीर’, ‘कंटाळा’. लॅली यांच्या त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्यात फारसा फरक पडला नाही. खाड्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करणं मात्र घातक. तेवढं जमत नाही, आणि मग दुसरा खाडा पडतो. दुसऱ्या दिवशी नेहमीचं माप, तेवढंच.

पैशाच्या बाबतीत सवय लावत बसूच नका, यंत्रणेवर सोडा. रिकरिंग डिपॉझिट पोस्टात महिना १०० रुपयांपासून उघडता येतं. बँकेतून आपोआप कपात लावलीत तर तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांची ठेवा. पगाराच्याच दिवशी ठेवली आणि मध्ये सुट्टी आली, तर खात्यात पैसे नसल्याने कपात परत जाते आणि वर दंड बसतो.

एखादी सवय सोडायची असेल तर खुंटी मोडा. स्टेशनबाहेरचा रोजचा वडापाव सुटत नसेल तर दुसऱ्या टोकाच्या पुलाने उतरा, आणि निघण्याआधी ऑफिसात मूठभर चणे खा. रिकाम्या पोटी तळणाचा वास आला की कोणताही नेम टिकत नाही. रात्री मोबाइल सुटत नसेल तर चार्जर स्वयंपाकघरात न्या. वन रूम किचनमध्येही ओटा गादीपासून हाताच्या टप्प्याबाहेर असतो.

एका वेळी एकच नेम, १२ आठवडे. ८४ दिवस झाले की कॅलेंडर काढा. ढोबळ हिशोब असा: २० पेक्षा कमी खाडे असतील तर माप पाव पटीने वाढवा. ४०च्या आत असतील तर माप तेच ठेवून खुंटी बदला, आणि खाड्यांच्या कारणांत जो शब्द जास्त वेळा आला असेल तो टळेल अशी जागा निवडा. त्याहून जास्त असतील तर माप निम्मं करा, खुंटी तीच राहू द्या. दोन्ही एकदम बदललं तर फरक कशाने पडला ते कळत नाही.