गाडीत रबर जळल्याचा वास: कधी येतो, कुठून येतो, काय करायचं

धूर दिसत असेल किंवा वास जळक्या वायरसारखा, डोळ्यांत झोंबणारा असेल, तर तपासणी नंतर. गाडी कडेला घ्या, इग्निशन बंद करा, सगळ्यांना उतरवा. बोनेटखालून धूर येत असताना बोनेट सताड उघडू नका, हवा मिळाली की भडका उडतो. धूर नसेल आणि बोनेट गार असेल, तर १० नंबरच्या पान्याने बॅटरीचा मायनस काढून ठेवा. बऱ्याचदा दोष नंतर बसवलेल्या ॲक्सेसरीत सापडतो. हेडलाइटच्या ६०/५५ वॉटच्या वायरिंगवर रिले (जादा करंट वेगळ्या वायरने देणारा स्विच) न लावता १०० वॉटचे बल्ब बसवले की होल्डर वितळतो. फ्यूज उडत असेल म्हणून मोठा फ्यूज टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण.

धूर नसेल तर वास नेमका कधी येतो ते आधी बघा. मेकॅनिकला 'वास येतो' एवढंच सांगितलं तर तो अंदाजाने पार्ट बदलणार आणि बिल तुम्ही भरणार.

सकाळी स्टार्ट केल्यावर किंवा एसी लावताच चीं आवाज येतो आणि पाठोपाठ वास, तर फॅन बेल्ट घसरतोय. इंजिन बंद करून, चावी काढून बेल्ट बघा. आतली बाजू काचेसारखी चकाकत असेल, भेगा असतील, कडेचे धागे सुटले असतील तर बेल्ट गेला. हाताने ताण लावायच्या जुन्या बेल्टवर दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने जोर दिला तर साधारण १० मिमी दबावा. खात्री करायची असेल तर इंजिन चालू असताना, हात आणि ओढणी-बाह्या लांब ठेवून, बेल्टच्या आतल्या बाजूवर पाण्याचा हलका फवारा मारा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून परत आला तर पुली एका रेषेत नाहीत.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे नुसता बेल्ट बदलणं. बेल्ट काढलाच आहे तर अल्टरनेटर, आयडलर, टेन्शनर, वॉटर पंप, प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा. खरखर, लटपट किंवा अडकणं जाणवलं तर बेअरिंग खलास. एसी कॉम्प्रेसरची पुली एसी बंद असतानाही मोकळी फिरायला हवी. ती जाम असेल तर नवा बेल्टही जळतो. बेल्टवर ऑइल किंवा कूलंट सांडलेलं असेल तर आधी गळती बंद करा. बेल्टवर मारायचा चिकट स्प्रे आवाज दडवतो, दोष तसाच राहतो.

सपाट रस्त्यावर चालवून थांबल्यावर एकाच चाकापाशी वास येत असेल तर ब्रेक धरून बसलाय. आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना ते बघा, हसू नका. मग पाच-सहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा आणि चारही चाकांजवळ हात न टेकवता धग घ्या. जे चाक जास्त तापलंय त्याची डिस्क गार झाल्यावर, गाडी जॅक-स्टँडवर घेऊन ते फिरवा. जड फिरत असेल तर कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेक ऑइल सोडायचा स्क्रू, थोडा सैल करा. चाक लगेच मोकळं झालं तर प्रेशर आत अडकलंय, बहुधा रबरी ब्रेक होज आतून फुगलाय. तरीही जामच राहिलं तर पिस्टन किंवा कॅलिपर ज्यावर सरकतो त्या स्लाइड पिन गंजल्यात. पिन साफ करून सिलिकॉन ब्रेक ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलं तर पिनवरचे रबरी बूट फुगतात आणि पिन पुन्हा अडकते. पॅडचं लायनिंग ३ मिमीच्या खाली असेल तर दोन्ही बाजूंचे पॅड बदला. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते.

खंबाटकी किंवा ताम्हिणी चढताना रांगेत अडकल्यावर वास आला तर तो क्लचचा. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की प्लेट तापते. हँडब्रेक लावून थांबा. एकदाच आलेला वास गाडी अर्धा तास गार केल्यावर गेला तर काही बदलायची गरज नाही. रोजच येत असेल तर मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगाने चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून बघा. आरपीएम उसळलं आणि वेग तिथेच राहिला तर प्लेट संपलीय. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तीच पडते, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. फ्लायव्हीलमागचं ऑइल सीलही बघून घ्या. ते गळत असेल तर नवी प्लेटही तेलकट होऊन घसरेल.

थांबल्यावर बोनेटमधून वास आणि निळसर धूर येत असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गळून ऑइल एक्झॉस्टवर पडतंय. नवं पॅकिंग लावताना बोल्ट मधून बाहेर, थोडे थोडे आवळा. जास्त जोर लावला तर कव्हर वाकतं आणि परत गळतं.

पूर्ण भरलेल्या गाडीत, वळताना किंवा खड्ड्यात वास आला तर टायर चाकावरच्या आतल्या प्लॅस्टिक लायनरला घासतोय. मोठे टायर टाकलेल्या गाड्यांत हे सर्रास होतं. लायनरवर चकाकणारी रेघ दिसेल.

बीएस-६ डिझेल गाडी थांबवल्यावर गरम, जळका वास आला, पंखा फिरत राहिला आणि आयडलिंग वाढलेलं होतं, तर बहुधा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होत होता. इंजिन लगेच बंद न करता गाडी हायवेवर वीसेक मिनिटं चालवा, प्रक्रिया पूर्ण होईल.