बुलेटला नुसता एअर फिल्टर लावून पॉवर वाढत नाही, या चुका टाळा

रॉयल एनफील्डची नवीन क्लासिक 350 घरी आली की पहिल्या सर्व्हिसच्या आधीच दोन गोष्टी बदलल्या जातात, सायलेन्सर आणि एअर फिल्टर. आणि महिनाभरात तक्रार ठरलेली, आवाज भारी झाला पण पिकअप गेला, वर थ्रॉटल सोडला की मागून फटाके फुटतायत.

कंपनीचे पार्ट पॉवर अडवतात हे खरंच आहे. एअरबॉक्सचं अरुंद तोंड, कागदी फिल्टर, मोजकंच पेट्रोल सोडणारा इंजेक्टर, हे सगळं आवाज, मायलेज आणि बीएस6 म्हणजे धुराचे सरकारी नियम सांभाळून ठरवलेलं असतं. पण ते एकमेकांच्या मापाने ठरवलेलं असतं ना, म्हणून एकच पार्ट बदलला की बाकीचा हिशोब बिघडतो. 1 किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, आणि फुल पॉवर हवी असेल तर मिश्रण थोडं रिच, म्हणजे पेट्रोल जरा जास्त, 1 किलोला साडेबारा-तेरा किलो हवा, असं लागतं. तुम्ही हवा वाढवली आणि पेट्रोल तेवढंच ठेवलं तर गाडी लीन चालते, इंजिन जास्त तापतं, थ्रॉटल उघडताना अडखळते.

'ईसीयू आपोआप अॅडजस्ट करतो' हे गॅरेजवाल्यांचं आवडतं वाक्य (ईसीयू म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा गाडीतला कॉम्प्युटर), आणि ते अर्धंच खरं आहे. निवांत एका स्पीडला चालवताना ऑक्सिजन सेन्सर बघून तो पेट्रोल थोडंफार कमीजास्त करतो, तेही त्याला जेवढी सूट दिलीय तेवढंच. फुल थ्रॉटलला मात्र तो सेन्सरचं ऐकत नाही, कंपनीने भरलेल्या मॅपप्रमाणे, म्हणजे आधीच ठरवलेल्या तक्त्याप्रमाणे, पेट्रोल सोडतो, आणि पॉवर तर आपल्याला तिथेच हवी असते! म्हणजे रिमॅप (तोच तक्ता बदलणं) किंवा पेट्रोल वाढवून देणारा फ्युएल कंट्रोलर नसेल तर फिल्टरचे पैसे आवाजातच गेले.

जुन्या कार्बोरेटरवाल्या बुलेटला हेच काम जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, करतात. चुकतं कुठे, तर सगळे डायरेक्ट मोठा मेन जेट टाकतात. पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेटचं राज्य, मधे निडल म्हणजे सुई, आणि पाऊण थ्रॉटलच्या पुढे मेन जेट. गाडी सिग्नलवरून उचलताना अडखळत असेल तर मेन जेट बदलून काय होणार? प्लग काढून बघा, पांढराफटक असेल तर लीन, काळी काजळी असेल तर रिच. आणि पुण्यात सेट केलेली गाडी घेऊन लेहला निघालात तर तिथे साडेतीन हजार मीटरवर हवाच पातळ, तोच मोठा जेट आता पेट्रोल जास्त सोडतो, प्लग काळा पडतो आणि गाडी चढावर दम टाकते. लोक म्हणतात बुलेट खराब, अरे जेट बघा आधी.

एअरबॉक्स काढून उघडा कोन फिल्टर लावणं तर मला अजिबात पटत नाही. तो इंजिनशेजारची गरम हवा ओढतो, गरम हवेत ऑक्सिजन कमी, वर पावसाळ्यात ताम्हिणीत पाणी आत जायची भीती वेगळीच.

आता फटाक्यांचं. दरवेळी मिश्रणाचाच दोष नसतो, सायलेन्सर बदलताना जुनंच गॅस्केट परत बसवलं की जॉइंटमधून बाहेरची हवा आत जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपमधे पेटतं. आधी तो जॉइंट बघा, काजळीचे डाग दिसतात. इनटेकचा रबर बूट दाबून वाकवून बघा, बारीक भेगा असतात, त्यातून फिल्टरला वळसा घालून हवा आत जाते आणि आयडलिंग वरखाली होतं. आणि टॉप स्पीडलाच गाडी मरत असेल तर फ्युएल पंपाची जाळी चोक झालीय का ते बघून घ्या, कंपनीचा इंजेक्टर बिचारा चांगला असतो, त्याच्यापर्यंत पेट्रोलच पोचत नाही. कित्येकदा नुसता धुळीने भरलेला फिल्टर बदलला तरी 'गेलेली' पॉवर परत येते.

अपेक्षा पण जरा जमिनीवर ठेवा. क्लासिक 350 चं इंजिन 349 सीसी, 20.2 बीएचपी 6100 आरपीएमला. कॅम, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन तेच ठेवून फिल्टर, पाइप आणि मॅप तिन्ही बदलले तरी या गाडीचे 30 बीएचपी होत नाहीत. कोणी तसं सांगत असेल तर आधीचा आणि नंतरचा डायनो ग्राफ (पॉवर मोजणाऱ्या मशीनचा) मागा, त्याच गाडीचा, त्याच मशीनवरचा. आणि वॉरंटी असेपर्यंत जुने पार्ट भंगारात देऊ नका, सायलेन्सरचा आवाज जास्त झाला तर पोलीस पावती फाडतात तेव्हा पण तोच स्टॉक पाइप परत लावावा लागतो.