डोंगरगावातील उन्हाळी चित्रप्रदर्शन आणि चित्रपट : या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांना टेकलेला असताना, सातपुड्यात सुमारे ११५० मीटर उंचीवर असलेल्या तोरणमाळसारख्या गावात दिवसा चित्रप्रदर्शन भरवावे आणि रात्री उघड्यावर चित्रपट दाखवावा, ही कल्पना सपाटीवरच्या कलाशिक्षकांना आणि मंडळांना सुचणे स्वाभाविक आहे आणि ती चांगलीही आहे. असे कार्यक्रम फसतात तेव्हा कारण बहुधा एकच असते : सगळे नियोजन खाली शहाद्याला किंवा धुळ्याला बसून झालेले असते आणि वरच्या गावाचा दिवस कसा उगवतो व मावळतो, हे कोणी विचारलेलेच नसते.

पहिली चूक तारखेची आणि वेळेची. शाळेला सुट्टी म्हणजे गाव मोकळे, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात हे दिवस लग्नसराईचे असतात. ऊसतोडीला किंवा मजुरीला गेलेली कुटुंबे परतून घरांची डागडुजी करत असतात आणि सकाळचा वेळ रानातल्या कामात जातो. अशा गावात सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच ही प्रदर्शनाची शहरी वेळ केवळ पाहुण्यांच्या सोयीची ठरते. दालन दुपारी चारला उघडून चित्रपट सुरू होईपर्यंत चालू ठेवावे, दिव्यांची सोय आधीच करावी आणि आठवडे बाजाराचा दिवस साधावा. तारीख पक्की करण्यापूर्वी पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत यांच्याकडे लग्नांची चौकशी करावी. जिल्हा परिषद शाळेची खोली हवी असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी सुट्टी लागण्यापूर्वीच घ्यावी, कारण नंतर किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यातच दिवस जातो.

सर्वांत जास्त नुकसान मात्र वाटेत होते. ॲक्रिलिक रंग उष्णतेने मऊ आणि किंचित चिकट होतो. दुपारी बंद टेम्पोत, फुगेवाल्या प्लॅस्टिकमध्ये थेट गुंडाळलेला कॅनव्हास सातपायरी घाट चढून वर पोहोचतो, तेव्हा आवरण सोडवताना रंगावर गोल गोल ठसे उमटलेले दिसतात आणि कधी रंगाचा पापुद्रा प्लॅस्टिकबरोबर निघून येतो. हे ठसे बहुधा पुसता येत नाहीत. म्हणून चित्राच्या पृष्ठभागाला प्रथम बटर पेपर लावावा, त्यावर पुठ्ठा आणि प्लॅस्टिक सर्वांत बाहेर. चित्रे आडवी न रचता उभी ठेवावीत आणि गाडी पहाटे काढावी. वर पोहोचल्यावर आवरणे लगेच न सोडता तास-दोन तास सावलीत राहू द्यावीत. खान्देशातील उन्हाळ्याची कोरडी हवा कागदालाही सोसत नाही. पाठीमागे आधार नसलेली जलरंगचित्रे संध्याकाळपर्यंत कडांनी वळू लागतात.

दालनात पत्र्याच्या छताखालची खोली आणि पश्चिमेची खिडकी ही जोडी टाळावी. ऊन ज्या भिंतीवर पडते तिथे जलरंग आणि छायाचित्रे अजिबात लावू नयेत. चुन्याच्या भिंतीत खिळा टिकत नाही, त्यामुळे बांबूची आडवी काठी बांधून त्यावरून सुतळीने चित्रे सोडणे अधिक सुरक्षित. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटीमीटरवर ठेवण्याचा प्रघात आहे. इथे प्रेक्षकांत मुलेच अधिक असतात, म्हणून तो वीतभर खाली आणावा.

आणखी एक चूक दिसायला निरुपद्रवी वाटते, पण मला ती सर्वांत जास्त खटकते. वारली चित्रकला ही पालघरकडची. भिल्ल आणि पावरा या आदिवासी समाजांच्या वस्तीत येऊन शाळेच्या भिंतीवर वारली आकृत्या काढायच्या आणि खाली ‘आदिवासी कला’ असे लिहायचे, हा त्या गावाचा अवमान आहे. होळीत व्रत घेऊन नाचणाऱ्या बुध्यांच्या डोक्यावर येणारे बांबू-मोरपिसांचे टोप आणि कमरेला बांधायचे वाळलेले भोपळे ज्या गावात हातांनी घडतात, त्या गावाला स्वतःची कला आहे. मात्र या वस्तूंमागे पाळणी, म्हणजे व्रताचे नियम, असतात; त्या मांडता येतील का, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय ठरवू नये. टोपली असो वा पावरी हे वाद्य, करणाऱ्याचे नाव चित्रकाराच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात लिहावे. पाहुण्या कलेतही खान्देशाला जागा असावी : छायाचित्रकार केकी मूस (१९१२-१९८९) यांनी चाळीसगावच्या घरात राहून केलेल्या टेबलटॉप छायाचित्रणाची, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून टिपलेल्या छायाचित्रांची, ओळख करून देणारा एखादा फलक मुलांना नक्कीच खिळवून ठेवील.

आता चित्रपट. मेच्या मध्यात इथे सूर्य साधारण सातला मावळतो आणि पडद्यावर चित्र नीट दिसण्याइतका अंधार व्हायला पावणेआठ-आठ वाजतात. साडेसातला सुरू केलेला चित्रपट पहिली पंधरा मिनिटे फिकाच दिसतो. दुसरीकडे, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आहे, म्हणजे पावणेदोन तासांपेक्षा लांब चित्रपट निवडूच नये. पडद्याची जागा संध्याकाळी आठला तिथे उभे राहून ठरवावी, कारण दिवस मावळल्यावर उतारावरून गार वारा खाली वाहू लागतो. पडद्याच्या तीन बाजू घट्ट आणि खालची बाजू सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधली, तर झोत आला की कापड ताण घेते आणि फाटत नाही. ३००० ल्युमेन (प्रकाशाचे माप) क्षमतेच्या प्रोजेक्टरला पडद्याची १२ फूट रुंदी पुरे.

चित्र दिसते पण आवाज येत नाही, ही तक्रार पेनड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावल्यावर हमखास येते; फाइलमधला आवाजाचा प्रकार प्रोजेक्टरला ओळखता आलेला नसतो. लॅपटॉपवरून एचडीएमआय केबलने चालवावे. आवाज ओठांच्या मागे राहत असेल तर ब्लूटूथ काढून तार जोडावी, आणि घरघर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. नेटवर्कच्या भरवशावर चित्रपट चालवण्याचा विचारही नको. वीज गेल्यावर प्रोजेक्टरचा पंखा एकदम थांबून दिवा तापतो, म्हणून जनरेटर असला तरी मध्ये यूपीएस हवाच. जनरेटर पालापाचोळ्यापासून दूर, साफ केलेल्या जमिनीवर ठेवावा. या दिवसांत एक ठिणगी वणव्याला पुरते. जागा वनहद्दीत येत असेल तर वनविभागाची परवानगी आवश्यक.

प्रवेश मोफत असला तरी हक्कधारकाची लेखी संमती लागते आणि चित्रपटाला सेन्सॉर प्रमाणपत्र असावे लागते. राहिला भाषेचा प्रश्न. मराठी उपशीर्षके वाचू न शकणाऱ्या आजीआजोबांसाठी, दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे थांबून पावरी किंवा भिली भाषेत कथा सांगणारी व्यक्ती गावातूनच निवडावी, तिला चित्रपट आदल्या दिवशी पूर्ण दाखवावा आणि तिचे मानधन अंदाजपत्रकात प्रोजेक्टरच्या भाड्याआधी लिहावे.